झाकण उघडल्याशिवाय घड्याळाचा भाव करू नका

सोलापूरहून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे म्हणून मतलबाचं तेवढं इथे देतो.

"काका, आमचे आजेसासरे मिलमध्ये विव्हिंग मास्तर होते. १९५८ साली मिलच्याच कामाला मुंबईला गेले तेव्हा तिथून त्यांनी ओमेगाचं मनगटी घड्याळ आणलं, सोन्याचं आहे असं घरात सगळे पहिल्यापासून म्हणत आलेत. ते गेल्यापासून घड्याळ कपाटात डबीत होतं. आता वाटणीचं बोलणं निघालं तर थोरले दीर म्हणतात विकून मोकळे होऊ. सराफ कट्ट्यावर एकांना दाखवलं, त्यांनी हातात घेऊन लगेच सांगितलं की रंग फिका आहे, हा मुलामा आहे. दुसऱ्यांनी पट्ट्यासकट काट्यावर ठेवलं आणि मोडीचा भाव सांगितला. एका घड्याळवाल्यांनी डायल बघून डुप्लिकेट म्हटलं, कारण डायल पांढरंशुभ्र, कालच आणल्यासारखं आहे. आणि फोनवर फोटो बघून एक जण ४० हजार द्यायला तयार आहे, पण म्हणतो आजच्या आज सांगा. मागच्या झाकणावर बाहेरून काही लिहिलेलं नाही, पण पट्टा अडकवतात तिथे मागच्या बाजूला बारीक छाप आहे, मुलाच्या भिंगातून बघितलं तर बाईचं डोकं वाटतं. खरं काय समजायचं? आणि विकायच्या आधी रिठ्याच्या पाण्यात टाकून स्वच्छ केलं तर चालेल का?"

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते तातडीचं आहे. रिठ्यात अजिबात टाकू नका. बांगड्या, पाटल्या, मंगळसूत्र आपण रिठ्याने धुतो ते ठीक आहे, त्यात आत काही नसतं. साठहून जास्त वर्षांच्या घड्याळात पाणी अडवणारं रबर एकतर मुळात नव्हतंच किंवा असलं तर दगड झालेलं असतं, पाणी चावीच्या बाजूने आत जातं आणि आठ दिवसांत आतल्या पोलादी भागांना गंज धरतो, डायलवर डाग येतो तो कायमचा. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस. आणि अजून एक, चालतंय का बघायला म्हणून रोज चावी देऊ नका. आतलं तेल कधीच सुकलेलं असणार, तेलाशिवाय चाकं फिरली की टोकं झिजतात. एकदा चावी देऊन टिकटिक ऐकलीत ना, पुरे झालं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही चार लोकांना विचारलंत, चौघांनी चार उत्तरं दिली, आणि चौघांपैकी एकानेही झाकण उघडलं नाही. मला पत्र वाचून राहून राहून हेच खटकलं. बंद घड्याळ बघून खरं की खोटं सांगणं म्हणजे गाठोडं न सोडता आतली चादर किती दोऱ्याची आहे ते सांगण्यासारखं आहे, सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. त्यात "खरं आहे का" हा एक प्रश्न नाहीच, ते तीन प्रश्न आहेत आणि तिघांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात: केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, सोन्याची आहे का, मशीन ओमेगाचंच आहे का, आणि डायल, काटे, मशीन, केस हे सगळं मुळात एकाच घड्याळाचं आहे का. सराफ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो, घड्याळजी दुसऱ्याचं, आणि तिसऱ्याला दोघांची नजर आणि थोडा अभ्यास लागतो. तुमच्याकडे झालं काय, की घड्याळवाल्याने डायल बघून सगळ्याला खोटं ठरवलं आणि सराफाने रंग बघून.

रंगाचं आधी बोलू. आपल्याकडे सोनं म्हणजे २२ कॅरेट, त्या पिवळ्याधमक रंगाची डोळ्याला सवय, त्यामुळे १८ कॅरेट समोर आलं की ते फिकं वाटतं आणि मनात पहिली शंका मुलाम्याची येते. पण घड्याळाच्या केसला २२ कॅरेट सहसा वापरतच नाहीत, मऊ पडतं, चेपतं, झाकण घट्ट बसत नाही. स्वित्झर्लंडच्या सोन्याच्या घड्याळात १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग, किंवा १४ कॅरेट म्हणजे ५८५ भाग, जुन्यावर ५८३ पण लिहिलेलं असतं. इंग्लंडमध्ये तर ९ कॅरेटची, ३७५ भागांची केस अगदी सर्रास चालायची. त्यामुळे "२२ नाही म्हणजे सोनं नाही" हा हिशोब घड्याळाला लावायचाच नाही.

आणि तुम्ही जे बाईचं डोकं म्हणताय ना ताई, ते वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो खरंच. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या सोन्यावर सरकारी छाप मारायचा कायदा १८८० चा आहे, त्यात १८ कॅरेटला हेल्वेशियाचं डोकं, म्हणजे त्यांच्या देशाचं प्रतीक असलेली स्त्री, आणि १४ कॅरेटला खार, असे छाप ठरले आणि ते १९९५ पर्यंत चालले, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. म्हणजे १९५८ च्या १८ कॅरेट स्विस घड्याळावर बाईचंच डोकं पाहिजे. कुत्र्याचं डोकं असतं तर मी म्हटलं असतं की केस नंतरची आहे, साल जुळत नाही. हा छाप झाकणाच्या आत असतो आणि बऱ्याचदा पट्टा अडकवायच्या जागेच्या मागेही असतो, तुम्हाला दिसला तिथेच. इंग्लंडमध्ये बनलेली केस असेल तर छाप वेगळे, तिथे गावाची खूण असते, बर्मिंगहॅमची असेल तर जहाजाचा नांगर, आणि सोबत एक अक्षर असतं ज्याच्यावरून साल निघतं. डेनिसन म्हणून बर्मिंगहॅमची केस बनवणारी मोठी कंपनी होती, त्यांनी ओमेगासाठीही सोन्याच्या केस बनवल्या, त्यामुळे आत डेनिसनचं नाव दिसलं तर घाबरू नका, ते डुप्लिकेटचं लक्षण नाही.

आपल्या बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, हॉलमार्क त्यावर नाही म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्यांना सांगा की आपल्याकडे सोन्याचं हॉलमार्किंग सुरू झालं २००० साली आणि तो सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, एचयूआयडी, आला २०२१ मध्ये, १९५८ च्या घड्याळावर तो कुठून येणार.

पण नुसत्या छापावर मी डोळे झाकून विश्वास ठेवा म्हणणार नाही. छाप खोटा मारता येतो. खरा छाप एवढासा असतो पण भिंगाखाली धारदार, नाक-हनुवटी ओळखू येते, कडा स्वच्छ, आणि मूळ छाप एकाच ठोक्यात बसलेला असतो. खोटा बऱ्याचदा फुगीर, ओतल्यासारखा, गुळगुळीत दिसतो. घासून घासून झिजलेला खरा छापही गुळगुळीत होतो हे पण लक्षात ठेवा, म्हणून एका छापावर थांबायचं नाही, झाकणाच्या आत तोच छाप परत आहे का बघायचं, आतला छाप कुणी घासत नाही त्यामुळे तो जसाच्या तसा राहतो. आत छापाशेजारी केस बनवणाऱ्याची खूणही असते, कधी किल्लीच्या आकारात आकडा, कधी हातोड्याच्या आकारात. छाप, ०.७५० किंवा १८के, बनवणाऱ्याची खूण, हे तिन्ही एकत्र असेल तर पारडं बरंच खऱ्याकडे झुकतं. नुसतं १८के आणि बाकी काहीच नाही, अशा केसवर माझा विश्वास बसत नाही.

आणि १८के च्या पुढे काय लिहिलंय ते नीट वाचायचं, फसवणूक तिथेच होते. १८के जीएफ, म्हणजे गोल्ड फिल्ड. रोल्ड गोल्ड हा शब्द तर आपल्या आया-मावश्यांना पाठ आहे. २० मायक्रॉन, ४० मायक्रॉन, किंवा फ्रेंचमध्ये प्लाके, हे सगळे मुलाम्याचे प्रकार, फक्त थर जाड की पातळ एवढाच फरक. "वॉरंटेड २० इयर्स" असं लिहिलेलं असेल तर लोकांना वाटतं घड्याळाची गॅरंटी, ती घड्याळाची नाही, तो सोन्याचा थर २० वर्षं झिजणार नाही याची हमी आहे, म्हणजे उलट मुलाम्याची कबुलीच झाली. आणि झाकणावर स्टेनलेस स्टील किंवा फ्रेंच आसिए लिहिलेलं असेल तर विषयच संपला, वरची केस मुलाम्याची आणि झाकण पोलादाचं. आपल्याकडे त्या काळात आलेली कितीतरी स्विस घड्याळं, फेवर लुबा म्हणा रोमर म्हणा, अशीच होती, आणि १९६१ ला बंगलोरला सिटिझनच्या मदतीने एचएमटीचा कारखाना झाल्यावर घरोघरी जी सोनेरी घड्याळं आली तीही मुलाम्याचीच. त्यात कमीपणा काही नाही, पण सोन्याच्या भावात ती घ्यायची-द्यायची नसतात.

घरी बसल्या एक गोष्ट तुम्ही बघू शकता. खिडकीजवळ सकाळच्या उजेडात केसचे चार कोपरे बघा, पट्टा घासतो त्या कडा बघा, एखादा पोचा असेल तर त्याच्या आत बघा. मुलामा असेल तर इतक्या वर्षांत तिथे खालचा पांढरट किंवा पितळी रंग डोकावतोच. पोच्याच्या आतही तोच सोन्याचा रंग असेल तर चांगलं लक्षण. फक्त चावीच्या बोंडावर आणि पट्ट्याच्या बकलवर जाऊ नका, अस्सल सोन्याच्या घड्याळालाही ते भाग मुलाम्याचे किंवा नंतर बदललेले असतात, बोंडाचा मुलामा उडालाय म्हणून केस खोटी ठरत नाही. लोहचुंबक लावून बघा असं कुणी सांगेल, ते करू नका, आतली हेअरस्प्रिंग, म्हणजे केसासारखी बारीक स्प्रिंग, चुंबकली की घड्याळ तासाला कितीतरी मिनिटं पुढे पळायला लागतं आणि मग ते काढायचा खर्च वेगळा.

सराफाकडे टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढायचा असेल तर कुठे काढायचा ते तुम्ही सांगायचं, त्यांच्यावर सोडायचं नाही. हल्ली कॅरेट मीटर असतो, एक्स-रे मारून टक्केवारी दाखवतो, चांगली सोय आहे, पण तो वरचा काही मायक्रॉनचाच थर बघतो, त्यामुळे जाड रोल्ड गोल्डलाही तो खुशाल १८ कॅरेट दाखवू शकतो. म्हणून माझा भरवसा जुन्या पाण्याच्या पद्धतीवर जास्त. घड्याळजीने झाकण काढून दिलं की नुसतं ते झाकण (अख्खं घड्याळ नाही, नुसतं झाकण, मशीनचा त्यात संबंध नाही) सराफाच्या बारीक काट्यावर हवेत तोलायचं, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलायचं. समजा हवेत ६.२ ग्रॅम भरलं आणि पाण्यात ०.४ ग्रॅमने कमी झालं, तर ६.२ भागिले ०.४ म्हणजे १५.५, हा १८ कॅरेटचा आकडा झाला. १४ कॅरेट साधारण १३ च्या आसपास येतं. पितळेवर मुलामा असेल तर साडेआठच्या आसपास येईल, पोलाद आठच्या खाली. थर कितीही जाड असू दे, आतलं पितळ या तोलात लपत नाही. पुसून कोरडं करून परत बसवायचं, काही नुकसान नाही. कसोटीवर घासायचंच म्हणाले तर झाकणाच्या आतल्या कडेवर, छापापासून लांब, आणि तुमच्या समोर. कानस मारू देऊ नका.

ज्यांनी पट्ट्यासकट तोललं त्यांच्याबद्दल रागावून काही होणार नाही, पण तो हिशोब चूक आहे हे समजून घ्या. पट्टा, काच, डायल, मशीन, स्प्रिंगा, यातलं काहीच सोनं नाही. त्या काळच्या पातळ पुरुषी घड्याळात सगळं काढल्यावर केस आणि झाकण मिळून बहुतेक १० ते १५ ग्रॅम निघतं. १२ ग्रॅम धरलं तर १८ कॅरेटच्या हिशोबाने शुद्ध सोनं ९ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणा आणि तुमच्या ४० हजारवाल्याचा आकडा त्याच्याशेजारी ठेवा, आज-आत्ता सांगा अशी घाई त्याला का आहे ते तुमच्या लक्षात येईल.

मोडीबद्दल मी इतकं का बोलतो ते सांगतो. माझ्या मामांचं लॉन्जिन्सचं सोन्याचं घड्याळ होतं. मामा गेले, मामीला पैशाची नड होती, मी कॉलेजात होतो, सायकलवरून मीच ते घेऊन गेलो. दुकानदाराने माझ्यासमोर पकडीने केस चेपली, मशीन बाहेर काढून बाजूच्या डब्यात टाकलं, काटा केला, पैसे मोजून दिले. सोन्याचे पैसे चोख दिले, एक रुपया कमी नाही. मी मशीन तेवढं मागून घेतलं, ते आजही माझ्याकडे कापसात गुंडाळलेलं आहे. पुढे खूप वर्षांनी कळलं की लॉन्जिन्सच्या कारखान्यात, सेंट-इमिए गावात, मशीनच्या नंबरवरून घड्याळ कधी बनलं हे सांगणाऱ्या हाताने लिहिलेल्या जुन्या वह्या जपून ठेवल्यात. मशीन आहे, नंबर आहे, पण ज्यात ते होतं ती केस कुणाच्या तरी अंगठीत विरघळली, आणि ती मी माझ्या हाताने नेऊन दिली. मामी कधी काही बोलली नाही. म्हणून ताई, मोडीत घालायचं असेल तरी तो सगळ्यात शेवटचा रस्ता, पहिला नाही.

आता झाकण उघडण्याचं. घरी सुरी घालून उघडायचा मोह होतो, तुमच्या मुलाच्या हातात भिंग आहे म्हणजे सुरीही येईल, त्याला आत्ताच सांगून ठेवा. अशा पातळ सोन्याच्या घड्याळाचं झाकण बहुतेक दाबून बसवलेलं असतं, कडेला एक बारीक खाच असते, तिथे घड्याळजी त्याचं खास पातं लावून उघडतो. सुरी सटकली की सोन्यावर चरा आणि आत गेली की हेअरस्प्रिंगचा निकाल. जो घड्याळजी चावीची घड्याळं अजूनही स्वतः खोलतो, जोडतो, असा कुणीतरी वयस्कर माणूस गाठा, तुमच्या नवी पेठेच्या बाजूला विचारत गेलात तर मिळेल, नुसते सेल बदलणारे नकोत. आणि ठेवून जा, उद्या या, असं कुणीही म्हटलं तर ठेवून यायचं नाही. समोर बसायचं, उघडलं की फोनवर आतले फोटो काढायचे, मशीनचा नंबर स्पष्ट दिसेल असा एक, झाकणाच्या आतला एक. हे सगळ्यांच्या समोर केलं की कुणाच्या मनात काही आलं तरी ते तिथेच जिरतं.

आत काय बघायचं? झाकणाच्या आत ओमेगाचं नाव आणि चिन्ह, सोन्याचे छाप, केसचा मॉडेल नंबर. मशीनवर ओमेगाचं नाव कोरलेलं, रंगवलेलं नाही, आणि त्या वर्षांतल्या ओमेगाच्या मशीनचा रंग बघण्यासारखा असतो, तांबूस, गुलाबी झाक असलेला सोनेरी, एकदा बघितला की विसरत नाही. करड्या-चंदेरी रंगाचं, नावच नसलेलं मशीन निघालं तर मन घट्ट करा, केस खरी आणि मशीन दुसऱ्याचं असं होऊ शकतं. मशीनच्या ब्रिजवर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, मोठा नंबर असतो, त्यावरून साल काढता येतं: १ कोटी ४० लाखाच्या आसपासचा नंबर म्हणजे साधारण १९५४, १ कोटी ६० लाख म्हणजे १९५८, १ कोटी ७० लाख म्हणजे १९५९. थोडं मागंपुढं होतं. आजेसासऱ्यांनी १९५८ ला घेतलं असेल तर नंबर १ कोटी ६० लाखाच्या थोडा आतबाहेर हवा, दुकानात पडून राहिलेलं असेल तर एखाद-दोन वर्षं जुना. २ कोटीच्या वर निघाला तर ते मशीन १९६३ च्या सुमाराचं किंवा त्यानंतरचं, म्हणजे कधीतरी बदललेलं. झाकणातला नंबर आणि मशीनवरचा नंबर सारखा नसतो, तो सारखा नाही म्हणून कुणी डुप्लिकेट म्हटलं तर त्याला माहीत नाही एवढंच समजा.

तिथे १७ ज्वेल वगैरे लिहिलेलं दिसेल. माझ्या ओळखीत एका कुटुंबात या १७ ज्वेलवरून भांडण झालेलं मी बघितलंय, रत्नं कुणी काढून घेतली म्हणून. ती कारखान्यात बनवलेली माणकं असतात, मोहरीपेक्षा बारीक, चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेली. दागिन्याच्या दृष्टीने त्यांची किंमत काही नाही. दीरांना हे आधीच सांगून ठेवलंत तर बरं.

आणि झाकणाच्या आत आणखी एक गोष्ट शोधा, मला स्वतःला ती सगळ्यात आवडते. जुने घड्याळजी घड्याळ साफ केलं की झाकणाच्या आत सुईने बारीक काहीतरी खरडून ठेवायचे, तारीख, आपली खूण, एखादा आकडा. पुढच्या वेळी तेच घड्याळ आलं की त्यांना कळावं म्हणून. त्या खरडी नुसत्या डोळ्याला ओरखडे वाटतात, भिंगाखाली वाचता येतात. चार-पाच वेगवेगळ्या हातांच्या खुणा असतील तर ते झाकण खरोखर वर्षानुवर्षं वापरातल्या घड्याळाचं आहे याचा तो चांगला पुरावा, खोटं बनवणारा इतकी तसदी घेत नाही.

आता डायल. तुमच्या घड्याळवाल्यांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकलाय. साठहून जास्त वर्षांचं डायल इतकं शुभ्र राहत नाही, त्यावर हलका पिवळेपणा, सायीसारखा रंग येतो, एखादा ठिपका येतो. तुमचं बहुतेक नंतर रंगवलेलं आहे. भिंगाखाली ओमेगाची अक्षरं बघा, जाडी सगळीकडे सारखी आहे का, मिनिटांच्या रेघा खुणांच्या बरोबर समोर येतात का, खाली सहाच्या आकड्याशी स्विस मेड नीट मधोमध आहे का, सेकंदाचा छोटा गोल बरोबर मध्यावर आहे का. हाताने किंवा रबराच्या ठशाने परत छापलेल्या डायलवर यातलं काहीतरी हमखास हुकतं. आपल्याकडे एके काळी घड्याळ साफ करायला टाकलं की "डायल पण नवीन करून देऊ का" असं विचारायचेच आणि लोक आनंदाने हो म्हणायचे, लग्नाकार्यात घालायला झकपक पाहिजे म्हणून. बाहेरदेशी जुन्या घड्याळांचे शौकीन अशा आपल्याकडून आलेल्या, रंगवलेल्या डायलच्या आणि इकडचे तिकडचे भाग जोडलेल्या घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणून हिणवतात, आणि चार पैशांसाठी भडक रंगाची डायलं लावून खोटं बोलून विकणारे आहेत हेही खरंय. पण घरच्या माणसाने स्वतःच्या घड्याळाचं डायल रंगवून घेतलं यात फसवणूक कुठली? त्या कारागिरांनी हजारो घड्याळं चालती ठेवली, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. विकताना डायल रंगवलेलं आहे हे सांगायचं, एवढंच. किंमत शौकिनांकडे कमी होईल, बरीच कमी होईल, सोन्याची किंमत तशीच राहील. आणि कुणी म्हटलं की पुन्हा रंगवून अगदी मूळसारखं करून देतो, तर नको. दोनदा रंगवलेलं एकदा रंगवलेल्यापेक्षा बरं होत नाही.

केसला पॉलिशही नको. बफावर धरली की कडा गोल होतात आणि तुमचा तो बाईचं डोकं असलेला छाप पाच मिनिटांत पुसट होतो, मग शिल्लक राहतो फक्त तोंडी पुरावा.

एक सावधगिरीची गोष्ट, तुमच्या घड्याळाला लागू असेल-नसेल. काट्यांवर किंवा आकड्यांजवळ हिरवट-तपकिरी ठिपके असतील, अंधारात चमकायचे असे, तर त्या काळात ते खरोखरचं रेडियम असू शकतं. आपण आता कुठल्याही चमकणाऱ्या पट्टीला रेडियम म्हणतो, त्यामुळे भीती वाटत नाही. आता ते चमकत नाही कारण चमकणारी पावडर जळून गेली, पण रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. बंद काचेत असताना घाबरायचं कारण नाही, फक्त ते खरवडू नका, उघड्या डायलवर फुंकर मारू नका, आणि घड्याळजींनाही आधी सांगा.

राहिला घरातला प्रश्न. थोरल्या दीरांना न विचारता काही करू नका, उलट घड्याळजीकडे जाताना त्यांनाच सोबत घेऊन जा. झाकण उघडताना समोर बसलेला माणूस आणि फोनवर आकडा ऐकणारा माणूस, दोघांचं मन वेगळं असतं. सोन्याचं वजन आणि कॅरेट कागदावर आलं की त्यांच्या वाट्याची रक्कम काढणं सोपं आहे, घड्याळ तुम्हाला ठेवायचं असेल तर तेवढी रक्कम दुसऱ्या कशातून वळती करता येते, विकायचं ठरलं तर मोडीचा आकडा हा तळ धरून त्याच्या वर बोलता येतं. आजच सांगा म्हणणाऱ्याला सांगा, जानेवारीत गड्ड्याची जत्रा झाल्यावर बघू. खरं घेणारा थांबतो.

चारी फोटो मला पाठवा: डायल, झाकणाची आतली बाजू, मशीन, आणि तो बाईच्या डोक्याचा छाप. मशीनचा नंबर फोटोत नीट येत नसेल तर कागदावर लिहून घ्या, आणि झाकणात सुईने खरडलेलं काही वाचता आलं तर तेही लिहून घ्या, अक्षरं जशी आहेत तशी, अर्थ लागला नाही तरी चालेल.